ग्रीक बाईची फुगडी

“हसायचं नाही! कोण हसतंय? पुन्हा कोण हसतंय?”

ती अशी ओरडली की माझ्या शोकेसमधल्या काचेच्या बाहुल्या एकमेकींना बिलगल्या. आम्ही चौघी माझ्या हॉलच्या मधोमध, जोडीजोडीने हात अडकवून, मागे कलंडून उभ्या होतो. सोफा गॅलरीत, टीपॉय बाथरूममध्ये. माझ्यासमोर काकू. काकूंचं वजन मी सांगणार नाही. एवढंच सांगते की त्या पहिल्यांदा दोह्याला आल्या तेव्हा हवाई सुंदरीने त्यांना खिडकीची जागा बदलून मधोमध बसवलं होतं, विमान एका अंगाला जाऊ नये म्हणून.

“मी नाही हसले,” काकू म्हणाल्या. “माझं पोट हसलं.”

“काय म्हणते ती?” बाईने मला इंग्रजीत विचारलं.

“सॉरी म्हणतायत, मॅडम.”

“सॉरी एवढं लांब नसतं. यल्ला, पुन्हा. सावकाश. समुद्राच्या तळाशी आहात असं समजा.”

“समुद्राच्या तळाशी कोण फुगडी घालायला जातं गं?” दुसऱ्या जोडीतल्या नाशिकच्या वहिनी पुटपुटल्या, आणि त्यांच्यासमोरची नवी नवरी अशी खिंकाळली की तिचे हात सुटले. वहिनी मागच्या मागे जाऊन फ्रिजवर आपटल्या आणि फ्रिजवरचं कणकेचं पातेलं त्यांच्या मांडीत येऊन बसलं, एखाद्या लाडक्या नातवासारखं.

ही ओरडणारी बाई ग्रीसची. पेपरवाले जिला नृत्यदिग्दर्शिका म्हणतात ती. आम्ही तिला नुसतं ‘वरची’ म्हणायचो, कारण दोह्याच्या बिन महमूद भागातल्या आमच्या बिल्डिंगीत ती आमच्या डोक्यावर राहायची.

साल एकोणऐंशी-ऐंशीच्या आसपासचं. माझा नवरा पहाटे प्लांटच्या बसने उम्म सईदला जायचा, मुलं शाळेत जायची, आणि मग मी आणि चार भिंती. दोह्यात तेव्हा बाईमाणसाने एकटीने जायचं कुठे? टॅक्सीवाल्याला पत्ता सांगायचा तर पत्ताच नव्हता. ‘लाल टाकीच्या मागे, बकरी बांधलेली असते ती बिल्डिंग’ असं सांगायचं, आणि कुणी बकरी हलवली की आम्ही हरवलो. उन्हाळा तर असा, की गॅलरीत साडी वाळत घालताना दुसऱ्या टोकाला चिमटा लावेपर्यंत पहिलं टोक वाळून पापड झालेलं असायचं. मी घरात चालायची. स्वयंपाकघर ते बेडरूम, बेडरूम ते गॅलरी. फरशी झिजली म्हणून घरमालक बघून गेला होता, खोटं नाही सांगत.

आणि एके दिवशी छतावर आवाज सुरू झाला. धप्प. मग काही नाही. मग पुन्हा धप्प. आठवडाभर हे असं. छताचे पोपडे आमटीत पडायचे. माझा धाकटा म्हणाला, “आई, द सीलिंग इज हॅविंग अ हार्ट अटॅक.” त्या दिवशी मी पदर खोचला आणि भांडायला वर गेले.

दार उघडंच होतं. आत खोलीभर काही नाही. खुर्ची नाही, टेबल नाही, नुसता एक गालिचा, आणि त्यावर मधोमध एक उंच, हाडकुळी बाई नवऱ्याचा शर्ट घालून उभी. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उभ्या जागी दोरी कापावी तशी ती कोसळली. डोळे उघडे, हातपाय वेडेवाकडे, एक खांदा थरथरतोय.

फिट! आता असं काही दिसलं की आपल्या माणसाने काय करायचं? मी धावत तिच्या स्वयंपाकघरात गेले, टोपलीतला कांदा ओट्यावर ठेवून बुक्कीने फोडला आणि येऊन तिच्या नाकाला लावला. नुसता लावला नाही, दाबला. चप्पलही लावली असती, पण ती मी सवयीने दाराबाहेर काढून आले होते.

ती शिंकली. उठून बसली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. माझ्याकडे, मग कांद्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “मी काम करते आहे.”

“पडायचं काम?”

“पडायचं काम.”

पुढे ओळख वाढली तसं कळत गेलं. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, आणि दोन मोडक्या खुर्च्या एकमेकींना टेकवून ठेवल्या की पडत नाहीत तसं आमचं चालायचं. ती एका बेटावरची. तिथले पुरुष समुद्राच्या तळाशी बुडी मारून स्पंज काढायचे. खोल जाऊन घाईने वर आलं की पाय कायमचे जायचे. तिच्या वडिलांचे तसे गेले. पण गावच्या सणाला ते नाचाच्या रांगेत उभे राहायचेच. काठी टाकायची, शेजाऱ्याचा खांदा धरायचा, दोन पावलं टाकायची, पडायचं. रांग थांबायची. ते उठले की रांग पुढे. “मला लहानपणी वाटायचं नाचातच तसं आहे,” ती म्हणाली. “मधे एकाने पडायचं असतं.”

मोठी झाल्यावर अथेन्सला पळून जाऊन तिने नाच शिकला, स्वतःचं मंडळ काढलं. पायांत बूट नाहीत, कपड्याला झालर नाही, पुष्कळदा संगीतही नाही. पहिल्या प्रयोगाला निम्मे लोक मधेच उठून गेले आणि उरलेल्या निम्म्यांना वाटत होतं की नाच अजून सुरू व्हायचाय. मग लष्कराची राजवट आली. एक साहेब तालमीला येऊन बसायला लागला, सरकारविरुद्ध काही आहे का बघायला. शब्दच नाहीत तर खोडणार काय? शेवटी त्याने फर्मान काढलं की तिसऱ्या बाईने डावा हात इतका वर न्यायचा नाही.

“मग हो?” मी विचारलं.

“मग सगळ्यांनी उजवा नेला.”

अशी बाई, आणि नवऱ्याला इथे बंदराच्या कामावर इंजिनीअर म्हणून बोलावलं म्हणून तीन महिन्यांसाठी आली. मंडळ आपल्या एका विद्यार्थ्याच्या हाती सोपवून आली. आखातातले तीन महिने ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको. कॉन्ट्रॅक्ट वाढलं, परत वाढलं, इन्शाल्ला इन्शाल्ला म्हणत वर्षं गेली, आणि विद्यार्थ्याला खुर्ची आवडायला लागली. मंडळ ज्या थिएटरात नाचायचं तिथला मुख्य एक म्हातारा होता, शेवटचा शब्द त्याचा. त्याचा टेलेक्स तिच्या नवऱ्याच्या ऑफिसात आला. पूर्वेकडून परतताना श्रावणानंतरच्या एका शुक्रवारी तो दोह्यात विमान बदलणार होता, मधली दुपार मोकळी. नवीन काही रचलं असशील तर दाखव, मंडळ तुझं. नसशील तर ते त्या मुलाच्या नावाने करून टाकतो.

“मग दाखवा की,” मी म्हटलं. “पडून दाखवा. काय सुंदर पडता तुम्ही.”

“मी नाही. माझा गुडघा गेलाय, चालण्यापुरताच उरलाय. मी रचते, नाचणारे दुसरे लागतात.” तिने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर लाल टाकी आणि बकरी. “माझ्याकडे माणसं नाहीत.”

त्या दिवसापासून तिचा पाय घरात ठरेना. भर दुपारी बिन महमूदपासून सूक वाकिफच्या बाजारापर्यंत चालत जायची. ती येताना दिसली की मसालेवाले अर्धं शटर ओढून घ्यायचे, कारण ती काही घ्यायची नाही, नुसती हमाल पोतं कसं पाठीवर घेतात ते बघत उभी राहायची, आणि हमाल बिचारे लाजून पोतं खाली ठेवायचे. गोऱ्या बायकांच्या चहापानाला जाऊन आली. त्यांनी विचारलं, आमच्या मुलींना बॅले शिकवाल का? ती कप न संपवता उठली. रात्रंदिवस छतावर येरझाऱ्या. खाली मी, वर ती. ती गॅलरीकडे गेली की मी पण गॅलरीकडे. कधी कधी मला वाटायचं, हिचे पाय थांबले तर माझेही थांबतील, आणि माझे थांबले तर मी नाशिकच्या वहिनींना फोन करून उगाच भांडण काढीन.

आणि मग आली मंगळागौर.

बिल्डिंगीत पुण्याची एक नवी नवरी आली होती, तिचा पहिला श्रावण. आता मंगळागौर मंगळवारी असते हे शेंबड्या पोराला कळतं. पण मंगळवारी नवरे प्लांटवर, गाड्या प्लांटवर, मुलांची शाळा, बायकांना आणायचं कुणी? काकूंनी निकाल दिला. काकू आमच्या सगळ्यांच्या वडीलधाऱ्या, त्यांचा शब्द म्हणजे शंकराचार्यांचा. “मंगळवार आपल्या गावात. इथे देवीलासुद्धा सुट्टी शुक्रवारीच.” पत्रीला कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला आणि राउंडअबाउटवरून नवऱ्यांनी चोरून आणलेली कण्हेर. जागरण दुपारचं. पडदे ओढून घेतले की झाली रात्र.

आणि आम्ही खेळलो. काय खेळलो! झिम्मा, पिंगा, कोंबडा. वर्षभराचं चालणं त्या दिवशी पायांतून निघालं. शेवटी मी आणि काकू फुगडीला उभ्या राहिलो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या सुदानी कुटुंबाने भूकंप समजून पासपोर्ट काढून ठेवले.

दारावर थापा. वरची. केस पिंजारलेले, डोळे लाल. “मी विचार करते आहे आणि तुम्ही खालून—”

पुढचं वाक्य तिने आजतागायत पूर्ण केलेलं नाही. मी आणि काकू भिरभिरत होतो. ती दारातच खाली बसली. सरबत दिलं तर हातात धरून ठेवलं, प्यायली नाही. सगळं संपेपर्यंत हलली नाही. इतक्या दिवसांत तिला एका जागी बसलेली मी पहिल्यांदा बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात. “काल तू आणि ती मोठी बाई. एकीने सोडलं असतं तर दोघी मेल्या असत्या. आणि तरी तुम्ही बोलत होतात. काय बोलत होतात?”

मी आठवून सांगितलं. काकू मला लोणच्यात मोहरी किती घालायची ते सांगत होत्या.

तिने डोळे मिटले. “मला तुम्ही हव्या आहात,” ती म्हणाली.

आता नवऱ्यांना काय सांगायचं? कतारमध्ये बसून, परक्या पुरुषासमोर, आपल्या बायका नाचणार? मी घरी सांगितलं, वरची बाई कंबरदुखीवर ग्रीक व्यायाम शिकवते. नवऱ्याला माझ्या कमरेची इतकी काळजी वाटली की त्याने स्वतः सोफा गॅलरीत नेऊन ठेवला.

आणि सुरू झाली तालीम. आमच्या फुगडीतलं एकेक तिने काढून टाकलं. आधी गाणी गेली. मग उखाणे गेले. मग हसणं, ते काही केल्या जाईना. मग वेग गेला. फुगडी ही काय सावकाश घालायची गोष्ट आहे? पण ती म्हणायची, अजून सावकाश, अजून. इतकं सावकाश की मांड्या थरथरायच्या आणि घाम पापण्यांवरून टपकायचा. मधे एक जोडी सुटायची, एकीने वरचीच्या वडिलांसारखं पडायचं, उरलेल्या तिघींनी थांबायचं, ती उठून हात पुढे करेपर्यंत.

मग एके दिवशी ती म्हणाली, “बांगड्या काढा. आवाज होतो.”

चौघींनी एकदम हात पाठीमागे नेले.

“नाही,” काकू म्हणाल्या. आणि मग त्यांचं पहिलं इंग्रजी: “नो.”

“तालमीपुरत्या.”

“त्यांना सांग,” काकू मला म्हणाल्या, “मी सवाष्ण आहे. माझा नवरा इथे क्रेनखाली उभा राहून नोकरी करतो. बांगड्या काढते आणि मग बसते वाट बघत, होय?”

मी सांगितलं. तिने काकूंच्या मनगटाभोवती बोटांनी माप घेतलं. मग वर गेली आणि नवऱ्याचे लोकरी मोजे घेऊन आली. दोह्यात लोकरी मोजे! ते पंजाशी कापून तिने आमच्या मनगटांवर चढवले, बांगड्यांसकट. ऑगस्ट महिना, हातात मोजे, समोर काकू, आणि हसायचं नाही. जगात कुणी असे हाल काढले नसतील.

पण एक दिवस असं झालं की हसू आलंच नाही. मी मागे कलंडले, काकू मागे कलंडल्या, हळूहळू फिरायला लागलो, आणि एवढ्या काकू, पण त्यांचं वजनच लागेना. एसीचा आवाजही बंद झाला असं वाटलं. मी नाशिकच्या वहिनींना नंतर विचारलं, तर त्या म्हणाल्या, “मला वाटलं मलाच झालं.” त्यानंतर आम्हाला चैन पडेना. भाजी चिरताना पाऊल फिरायचं. नवी नवरी भाजीवाल्या मलबाऱ्यासमोर काकडी हातात घेऊन गर्रकन वळली, त्याने घाबरून काकडी फुकट दिली. शुक्रवार कधी येतो असं झालेलं, आणि येऊच नये असंही.

आला. नवऱ्यांना मुलांसकट समुद्रावर पिटाळलं. तिचा नवरा विमानतळावरून त्या म्हाताऱ्याला घेऊन आला. म्हातारा कसला, कपाटच ते. दारातून आडवा होऊन आत आला. चेहरा विटेसारखा लाल, शर्ट पाठीला चिकटलेला. वरचीने एसीखालची खुर्ची दाखवली. “बसा. सुरू करतो.”

“थांबा,” स्वयंपाकघराच्या दारातून ताट पुढे करत काकू म्हणाल्या. “आधी जेवण.”

“नंतर,” वरची म्हणाली.

काकू माझ्याकडे वळल्या. “त्यांना विचार, पाहुणा उन्हातून दारात आला आणि बस, नाच बघ? आपण काय तमाशाचा फड आहोत? उपाशी माणसाला दिसतं तरी का?”

तालमीत आम्हाला मुठीत ठेवणारी ती बाई, पण भरल्या ताटापुढे तिचं काही चालेना. काकूंनी बुधवारपासून नळाला दही टांगलं होतं. इराण्याकडचं केशर, मसालेभात, बटाट्याची भाजी, टम्म पुऱ्या. म्हातारा आधी संकोचला. मग पहिला घास घेतला. मग त्याने टायची गाठ सैल केली.

दोन वाढपं झाल्यावर तो हात हलवून “नो, नो” म्हणाला. आपल्याकडे नो म्हणजे थोडंसं. काकूंनी श्रीखंड वाढलं. वहिनी म्हणाल्या, काकूंचं घेतलंत, आता माझ्या हातचं. नवी नवरी म्हणाली, मी तर सगळ्यांत लहान, मला नाही म्हणू नका. मी आपली फक्त पुऱ्या वाढत होते. त्याच्या ताटातला श्रीखंडाचा ढीग असा वर येत गेला की त्यामागे त्याचा चेहरा दिसेना. वरची भिंतीला टेकून उभी, क्षणात या पायावर, क्षणात त्या पायावर. घड्याळ बघायची, त्याच्याकडे बघायची, आमच्याकडे बघायची. तिने काही तरी बोलायला तोंड उघडलं की कुणी तरी पुरी घेऊन मधे जायचं.

शेवटी तो उठला आणि एसीखालच्या खुर्चीत जाऊन बसला. आम्ही मोजे चढवले. हात अडकवले. मागे कलंडलो.

दुसऱ्या फेरीला मला त्याचा चेहरा दिसला. डोळे मिटलेले. मला वाटलं, मोठे लोक असंच बघत असतील. तिसऱ्या फेरीला तो घोरायला लागला.

साधं घोरणं नव्हे. बंदरात बोट शिरावी तसं. आमच्या नाचाला संगीत नव्हतं, ते त्याने दिलं. नवी नवरी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, आता ही फुटणार, आणि मग आम्ही सगळ्या. कुणीही हसलं नाही. इतके दिवस ती बाई ज्यासाठी ओरडत होती ते त्या दुपारी झालं, आणि बघायचं ज्याने तो झोपलेला. काकूंच्या गालांवरून पाणी वाहत होतं, हात सोडून पुसता येत नव्हतं.

वरचीने त्याला उठवलं नाही. त्याच्याकडे एकदा बघून तिने मान आमच्याकडे वळवली आणि शेवटपर्यंत आमच्याकडेच बघत राहिली. वहिनी पडल्या. आम्ही थांबलो. त्या उठल्या, हात पुढे केला.

सगळं थांबल्यावर त्या शांततेने तो दचकून जागा झाला आणि टाळ्या वाजवायला लागला. खूप वाजवल्या. मग विमानाची वेळ झाली आणि दोघं नवरा-बायको त्याला घेऊन गेले.

आम्ही चौघी कुणी बसलो नाही. भांडी घासली, पुसली, पुन्हा घासली. वहिनींनी पडदे उघडले, मिटले. काकू गॅलरीत जाऊन रस्ता बघून यायच्या, की मी जायची. मनगटावरचे मोजे कुणाला काढायचे सुचले नव्हते. गाडी आली. जिन्यावर पावलं वाजली, आमच्या दाराशी थांबली.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“नाच फार छान होता म्हणाला.”

“आणि मंडळ?”

“त्या मुलाला.”

काकूंनी पदर तोंडाशी नेला. “बाईला विचार गं,” त्या कशाबशा म्हणाल्या, “आता तुम्ही काय करणार?”

मी विचारलं. ती चपला दाराशी काढून आत आली, ओट्यावरचं एक घासलेलं ताट उचललं आणि जमिनीवर बसली.

“मी सकाळपासून जेवलेले नाही,” ती म्हणाली.